वीस हजारांतले ऐकणे

श्रीमंत माणूस वस्तू विकत घेतो. निवडावी लागते ती आमच्यासारख्याला. ज्याच्या खिशात दोन लाख आहेत तो दुकानात शिरतो, ‘यातले चांगले कोणते?’ म्हणून विचारतो आणि दाखवतील ते उचलून घरी आणतो. वीस हजारवाल्याला मात्र आधी स्वतःचीच उलटतपासणी घ्यावी लागते. आपल्याला नेमके काय ऐकायचे आहे? कोणाला ऐकवायचे आहे? घरात रात्री कोण जागे असते? पुढच्या जूनमध्ये मुलीची फी किती होणार? या प्रश्नांची उत्तरे देता देता संगीतातले थोडे आणि आपल्या घरातले पुष्कळ कळून येते. गाणे ऐकण्याचे यंत्र घ्यायचे असे मी गेल्या वर्षी ठरवले, तेव्हा मला हे ठाऊक नव्हते.

माझे वीस हजार कुठून आले, तेही सांगून टाकतो. माझ्या एका कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली. मराठी कादंबरीची दुसरी आवृत्ती ही गोष्ट आमच्या बीड जिल्ह्यातल्या पावसासारखीच. येईल तेव्हा खरी. शिवाय मी पडलो लहान मुलांचा मास्तर, तोही मॅट्रिकच्या पुढे न गेलेला. तेव्हा हे पैसे हातात आले त्या दिवशी घरात त्यांचे चार वाटेकरी तयार होते. गळके छप्पर हा एक, कूलर हा दुसरा, मुलीची सायकल ही तिसरी आणि माझी पेटी ही चौथी.

पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक. धारूरला माझ्या आजोळचा जुना वाडा पाडायचे ठरले, तेव्हा मामाने ती टेम्पोत घालून अंबाजोगाईला आणून सोडली. आईला म्हणाला, “अक्का, वाडा पाडायलोत. ही पेटी दादांची. मी ठेवून काय करू? तूच ठेव.” उघडून पाहिली तर आत तबकड्या. तेवीस जुन्या, जड, काळ्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. आणि अठरा पुढच्या काळातल्या, मोठ्या, लवचीक, मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीस फेऱ्यांच्या, ज्यांना आपण एलपी म्हणतो. आजोबांनी पहिल्यातल्या काही निजामाच्या राज्यात घेतल्या होत्या. धारूर त्या वेळी हैदराबाद संस्थानात; १७ सप्टेंबर १९४८ ला ते संस्थान संपले. म्हणजे आत गाणाऱ्या हिराबाई बडोदेकर किंवा बालगंधर्व यांच्यासाठी आजोबांनी मोजले ते हाली शिक्क्याचे रुपये. वरच्या कागदी पाकिटांना वाळवी लागली होती, तबकड्यांना नव्हती. आजोबा गेले, वाडा गेला, शिक्काही गेला. पण सुईला वाट दाखवणारी ती बारीक नागमोडी रेघ जशीच्या तशी होती.

या रेघेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सगळी निवड तिच्यावरच अवलंबून आहे. १८७७ मध्ये एडिसनने नळकांड्यावर आवाज कोरला आणि १८८७ मध्ये एमिल बर्लिनर याने तो सपाट तबकडीवर आणला. आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान गायली आणि तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत सांगून मोकळी झाली. त्या तबकड्या लाखेच्या. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर किड्यांनी केलेला राळेसारखा पदार्थ. बांगड्यांना लागते तीच, आणि पांडवांच्या लाक्षागृहात होती म्हणतात तीही. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबत. म्हणून ती इतकी जड आणि इतकी ठिसूळ. एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटांचे गाणे बसते. तासभर राग आळवणाऱ्या गवयांनी तो या साडेतीन मिनिटांत कसा बसवला असेल, हे मी पंचेचाळीस मिनिटांच्या तासात धडा बसवताना पुष्कळदा मनाशी आणतो.

पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत एलपी निघाली. ती विनाइलची, फेरे कमी, रेघ बारीक, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे. हिशेब करून पाहिला तर वीस मिनिटांत तबकडीचे साधारण पावणेसातशे फेरे होतात आणि तेवढ्यात सुई चारशे मीटरहून अधिक चालून येते. दोन्ही तबकड्या दिसायला बहिणी; पण एकीच्या वाटेवर दुसरीची सुई चालत नाही. एका इंचाचे हजार भाग केले तर ७८ च्या सुईच्या टोकाची त्रिज्या त्यातले तीन भाग असते आणि एलपीच्या सुईची एका भागाहूनही कमी. बारीक सुई रुंद रेघेत घातली तर ती तळाशी जाऊन पन्नास वर्षांची धूळ चिवडत बसते. जाड सुई बारीक रेघेत घातली तर ती भिंती ओरबाडते. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली आणि त्यांच्याबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी दिली. तिच्यात आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पण मला त्या लोकांचे खरे कौतुक वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्यांनी तबकडीबरोबर पिकअप आणि सुईही पाठवली. परग्रहावरच्या माणसाला बाजारात हिंडायला लागू नये, एवढी काळजी घेतली. आमच्या आजोबांच्या पेटीत सुई नव्हती.

मग मी हिंडायला लागलो. पुण्याला एका साहित्यिक कामासाठी गेलो तेव्हा रविवार साधून जुन्या बाजारात गेलो; मुंबईला गेलो तेव्हा चोरबाजार पाहिला. काळ्या घोड्याजवळचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्येच बंद झाले होते, तेव्हा तो रस्ता नुसताच पाहून आलो. तबकड्यांचा जमाना संपला असे आपण म्हणतो, पण संपलेला जमाना कधी कधी पुन्हा दार ठोठावतो. अमेरिकेत २०२२ साली विनाइलच्या तबकड्या सीडींपेक्षा जास्त विकल्या गेल्या. १९८७ नंतर हे पहिल्यांदाच घडले. त्यामुळे नवी यंत्रेही पुन्हा मिळू लागली आहेत. माझ्यासारख्याच्या आवाक्यातली अशी चार प्रकारांची यंत्रे मला दिसली.

पहिला प्रकार भोंग्याचा. पितळी भोंगा, शिसवी पेटी, चावी. दिवाणखान्यात ठेवले तर घराला एकदम संस्थानी कळा यावी. यातले पुष्कळसे ‘जुने’ ग्रामोफोन कालपरवा तयार झालेले असतात. अस्सल असला तरी त्याची पोलादी सुई दर बाजूला बदलावी लागते आणि साउंडबॉक्सचे शंभर ग्रॅमहून जास्त ओझे तबकडीवर पडते. शिवाय भोंग्याचा आवाज जेवढा असेल तेवढाच. कमी करायचा तर आत फडके कोंबायचे, वाढवायचा तर देवाचे नाव घ्यायचे.

दुसरा प्रकार ब्रीफकेसवजा नव्या यंत्राचा. आठएक हजारांत मिळते, तिन्ही वेगांना चालते, आत छोटे स्पीकर असतात. नवख्याला हेच सोयीचे वाटते. पण बहुतेकांत पिकअप सिरॅमिकचा, त्याचा भार पाच-सहा ग्रॅम, आणि तिन्ही वेगांना सुई एकच, बारीक. म्हणजे एलपीला ओझे जास्त आणि ७८ ला सुई चुकीची.

तिसरा प्रकार जाणकार सांगतात तो. पट्ट्यावर चालणारे, दोन वेगांचे, चुंबकी पिकअपचे यंत्र. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीचे एलपी-साठ-एक्स. बटण दाबले की हात आपोआप उठतो, आपोआप तबकडीवर उतरतो आणि बाजू संपली की परत जागेवर जातो. चुंबकी पिकअपमधून निघणारी वीज फार अल्प, काही मिलिव्होल्ट. त्यातून तबकडी कोरतानाच खर्जाचे स्वर दाबलेले आणि वरचे स्वर वाढवलेले असतात. तसा नियमच १९५४ मध्ये अमेरिकेत ठरला. न दाबले तर खर्ज रेघेत मावणार नाही, आणि न वाढवले तर वरचे स्वर खरखरीत बुडतील. तेव्हा वाजवताना हे सगळे उलट करून देणारा आणि आवाज वाढवणारा एक टप्पा मध्ये लागतो. या यंत्रात तो आतच आहे, म्हणून वेगळा खर्च नाही. एलपीसाठी कोणी मला विचारले तर मी डोळे मिटून असेच यंत्र सांगेन. पण त्याला ७८ चा वेग नाही, आणि एवढे एकच घेतले तरी माझे जवळजवळ सगळे पैसे संपत होते.

चौथा प्रकार जुन्याचा. १९६०-७० च्या सुमाराचे, रबरी चाकावर फिरणारे, ज्याच्या पिकअपला लहानशी खुंटी असते. ती फिरवली की एकीकडे ७८ ची सुई, दुसरीकडे एलपीची. असे एक आमच्या गावातच निघाले. बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. मोबाइलच्या काचा बदलून ते पोट भरतात आणि रेडिओ उघडून मन भरतात. त्यांच्या माळ्यावर हे यंत्र पडले होते. मी जरा शंकेने पाहू लागलो तेव्हा ते म्हणाले, “गुर्जी, मशीन बुढ्ढी है, बहिरी नहीं.”

त्या शब्दाशी मी थबकलो, कारण आमच्या घरात उलटी गोष्ट घडत होती. आई म्हातारी झाली म्हणण्याइतकी थकलेली नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती पहाटे उठून सडा घालते. पण तिचे कान गेली चार वर्षे मागे पडत चालले आहेत. ‘साखर संपली’ म्हटले तर तिला कोणी तरी ‘खपली’ असे ऐकू येते आणि ती कोण म्हणून विचारते. आम्ही हसतो, तीही हसते. मग हळूहळू तिने विचारणे सोडून दिले. बहिरेपणाचे दुःख न ऐकू येण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक ते पुन्हा पुन्हा विचारण्याच्या संकोचात आहे. जेवताना सगळे बोलत असतात आणि ती ताटाकडे पाहत असते.

डॉक्टरांनी तपासणी केली आणि एक आलेख हातात दिला. डावीकडे खर्जाचे स्वर, उजवीकडे वरचे. रेघ डावीकडे बऱ्यापैकी वर होती आणि उजवीकडे जाताना बालाघाटाच्या घाटरस्त्यासारखी खाली उतरली होती. वयाने येणारा बहिरेपणा असाच येतो. कानाच्या आत शंखाच्या आकाराची नळी असते. तिच्या तोंडाशी असलेल्या सूक्ष्म केसांच्या पेशी वरच्या स्वरांसाठी असतात आणि त्याच आधी झिजतात. स, श, फ, त ही व्यंजने वरच्या पट्टीतली. म्हणून ती आधी जातात आणि शब्दांचे नुसते स्वर उरतात. तरुण कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. आईचा कान चार हजारांपर्यंत बरा चालतो, पाच-सहा हजारांपर्यंत आवाज मोठा केला तर चालतो, आणि तिथून पुढे अंधार. श्रवणयंत्र घेतले आहे. ते बोलणे ऐकण्यासाठी उत्तम. पण त्याची घडणच बोलण्यासाठी असल्याने त्यातून गाणे ऐकले की तिला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटते. ती ते काढून देवघरातल्या डबीत ठेवते.

आता माझ्या हिशेबाची मांडणी बदलली. तोवर मी विचारत होतो, यातले चांगले यंत्र कोणते? आता प्रश्न असा झाला, की आईच्या कानात जे अजून शिल्लक आहे, ते कोणत्या तबकडीत आहे?

आणि उत्तर मोठे नवलाचे निघाले. १९२५ च्या सुमाराला विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्यापूर्वी गवई भोंग्यात तोंड घालून गात आणि तबकडीवर दोन-अडीच हजार कंपनांपर्यंतचेच स्वर उमटत. वीज आली तरी त्या काळच्या ७८ च्या तबकड्यांत पाच-सहा हजारांच्या वर फारसे काही नसे. जाणकार म्हणतात, आवाज कोंदट आहे, वरची चमक नाही. पण आईला ती चमक असली काय आणि नसली काय! एलपीवर जे जास्तीचे आहे ते तिच्यापर्यंत पोहोचणारच नाही. जुन्या लाखेच्या तबकडीत मात्र जेवढे आहे, जवळजवळ तेवढेच तिच्या कानात अजून उरले आहे. शिवाय ती एकसुरी, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. उजवा कान डाव्यापेक्षा बरा असला तरी गाण्याचा कुठला भाग हरवत नाही.

एलपीवरची बहुतेक गाणी आज मोबाइलवर मिळतात. त्या थांबतील. मे महिन्यात पत्र्याखाली वाकू नयेत म्हणून मी त्या उभ्या करून जाड भिंतीच्या बाजूला ठेवल्या आहेत. तबकड्या पन्नास वर्षे थांबल्या तशा आणखी पाच वर्षे थांबतील. आईची ती आलेखातली रेघ थांबणार नाही. सगळे जाणकार एलपीचे यंत्र आधी घ्या म्हणून सांगत असताना मी चाचांचे जुने यंत्र घेतले, त्याचे कारण एवढेच.

यंत्राचे ५,५०० रुपये. रबरी चाकाला नवे रबर, दोन नव्या सुया, नवी वायर आणि मजुरी मिळून ३,०००. सिरॅमिक पिकअपची वीज चुंबकीपेक्षा पुष्कळ जास्त, त्यामुळे मधला टप्पा लागला नाही. फक्त त्याला साधारण दहा लाख ओहमचा भार द्यावा लागतो, नाही तर खर्ज पातळ होतो. ते चाचांनी एका रुपयाच्या तुकड्याने साधले. हात जड आहे हे खरे. पण लाखेची तबकडी शंभर ग्रॅमच्या पोलादी सुईसाठीच जन्माला आली होती, तिला पाच-सहा ग्रॅम म्हणजे लेकराचा हात. तबकड्या धुतल्या त्या कोमट नव्हे, साध्या पाण्याने आणि थोड्या सौम्य साबणाने. स्पिरिट लाखेच्या तबकडीला कधी लावू नये. लाख त्यात विरघळते आणि गाणे फडक्यावर येते.

राहिले हेडफोन. खरे तर यादीत ते पहिल्या क्रमांकावर होते, कारण उरलेले सगळे त्यांच्यातूनच ऐकायचे. चांगले स्पीकर घ्यायला पैसे नव्हते आणि आईला ऐकू जाईल एवढा आवाज स्पीकरवर ठेवला तर शेजारची बारावीची मुले घरी आली असती. हेडफोन दोन जातींचे: पाठ बंद असलेले आणि पाठ उघडी असलेले. बंद पाठीचे कान झाकून टाकतात. बाहेरचे आत येत नाही, आतले बाहेर जात नाही. उघड्या पाठीच्या आवाजात मोकळेपणा असतो. पण कुकरची शिटी आत येते आणि गाणे थोडे बाहेर झिरपते. दुकानदार म्हणाला, घरात गडबड असेल तर बंद घ्या. मी उघडे घेतले. जिला आधीच घरातले निम्मे ऐकू येत नाही, तिचे उरलेले निम्मे मी कशाला बंद करू? कोणी दारातून ‘आई’ म्हणून हाक मारली तर ती तिच्यापर्यंत गेली पाहिजे. बत्तीस ओहमचे, कापडी गादीचे, डोक्याला न चावणारे, किंमत ६,२००. जास्त ओहमचे घेतले असते तर त्यांना जोर पुरवायला भारी अँप्लिफायर लागला असता. या जोडीला २,८०० चा लहानसा पुरला. त्याच्या आवाजाच्या बटणाशी सौ.ने नखाच्या रंगाने एक लाल ठिपका काढला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला चाळीस तास ऐकायचे तर ८० डेसिबलच्या आत ऐका असे सांगितले आहे. आधीच झिजलेल्या कानाला तर ते अधिकच पाळले पाहिजे. ठिपक्यापुढे बटण न्यायचे नाही, हा घरचा कायदा.

शेवटची खरेदी ३५० रुपयांची, आणि ती मला माझ्या वर्गाने शिकवली. दिवाळी झाली की आमच्याकडे वर्ग विरळ होतात. आईबापांबरोबर पोरे ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. काही मागे आजीआजोबांकडे राहतात. अशीच मागे राहिलेली दोन भावंडे मधल्या सुट्टीत वडाखाली बसून इअरफोनची एक जोडी वाटून घेतात: एक कान याला, एक कान त्याला. दूरच्या फडावरून आईने पाठवलेला आवाज दोघे मिळून ऐकतात. ते पाहिले आणि मी एका तोंडाला दोन जोड्या लागतील अशी दुभागणारी तार आणली. दुसरी जोडी मुलीची, शाळेची, स्वस्तातली.

आई पहिल्या दिवशी म्हणाली, “कशाला रे येवढा खर्च करायलास? मला काय ऐकू येतंय का आता?” मी काही न बोलता ‘संत तुकाराम’ चित्रपटातली विष्णुपंत पागनीसांची तबकडी लावली. प्रभातचा हा चित्रपट १९३६ चा, आईच्या जन्माआधीचा. पण आजोबांच्या ओसरीवर ती तबकडी एवढ्या वेळा वाजली होती, की तिच्या खरखरीसुद्धा आईला पाठ. तिने डोळे मिटले नाहीत, रडली नाही, कादंबरीत मी लिहिले असते तसे काही केले नाही. मांडीवर बोटाने ठेका धरला आणि एका जागी बोट मध्येच उचलले. तिथे तबकडीला चरा आहे. सुई उडायच्या आधीच तिचे बोट उडाले होते.

मग एका रात्री मला आणखी एक सुचले. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे फार मोठे काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी केले. एक लाखाहून अधिक ओव्या. त्यांतल्या अनेकींचे आवाज आता ‘पारी’ या संग्रहात इंटरनेटवर कोणालाही ऐकता येतात. आमच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये बायांनी गायिलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. या बायांची तबकडी कोणत्या कंपनीने काढली नाही. कोणी हाली शिक्क्याने किंवा कलदार रुपयांनी त्यांचा आवाज विकत घेतला नाही. मी मोबाइल त्याच अँप्लिफायरला जोडला. आईने ऐकले, आणि पहिल्यांदा हेडफोन थोडे बाजूला सारून विचारले, “कुठली रे ही? आपल्याकडचीच हाय. सूर आपला हाय.” माजलगाव म्हटल्यावर पुन्हा कानावर ठेवले. आणि मग तिने स्वतः एक ओवी म्हटली, तिच्या आईची. मी पंचेचाळीस वर्षांत ती ऐकली नव्हती. कान मंद झाल्यापासून तिने गुणगुणणेही सोडले होते, हे मला त्या वेळी उमगले. माणूस आपला सूर कानाने तपासत गातो. तपासणारा गेला की गाणारा गप्प बसतो.

आता सगळ्या खर्चाची बेरीज १७,८५० झाली. उरलेले २,१५० सौ.ने मागून घेतले आणि छपरावर डांबरी कागद टाकला. “कान आईंचे, तबकड्या आजोबांच्या, आणि पाणी मात्र माझ्या स्वयंपाकघरात!” हे तिचे म्हणणे बिनतोड होते. कूलर पुढच्या आवृत्तीवर. एलपीचे यंत्र त्याच्याही पुढच्या.

अडचणी नाहीत असे नाही. जुन्या यंत्राची मोटर विजेच्या लाइनीवर वेग धरते. लाइट गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला की ती भुंग्यासारखी घुमायला लागते आणि मैफल मोडते. तेवीसपैकी चार तबकड्यांना तडे आहेत. एकीवरचा कागद इतका झिजला आहे की गायक कोण ते वाचता येत नाही. आई म्हणते, हिराबाई. मामा फोनवर म्हणतो, मुळीच नाही. हा वाद दोन महिने चालू आहे आणि त्यानिमित्ताने दोघे बहीणभाऊ आठवड्यातून तीनदा बोलतात. आई फोनसुद्धा त्या हेडफोनवरून घेते, कारण त्यातून तिला मामा स्पष्ट ऐकू येतो.

परवा संध्याकाळी मी वह्या तपासत बसलो होतो. आईने तबकडी लावली होती आणि माझी मुलगी, जिची दुसरी जोडी शाळेच्या दप्तरात राहिली होती, आजीच्या डोक्याला डोके लावून बसली होती. उघड्या पाठीतून जेवढे झिरपते तेवढे ऐकत होती. मध्येच तिने काही विचारले. आईने एक बाजू कानावरून काढली, तिच्याकडे वळली आणि म्हणाली, “काय? पुन्हा सांग.” मुलीने पुन्हा सांगितले.